मुलींची बस पाचला सुटते : जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीस खुले पत्र

मा. सभापती आणि सर्व सन्माननीय सदस्य,
शिक्षण समिती, जिल्हा परिषद
यांस सविनय नमस्कार.

मी आपल्या जिल्हा परिषदेच्या एका हायस्कूलची माजी विद्यार्थिनी. माझी मुलगी आज त्याच शाळेत नववीत आहे आणि शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मी पालक सदस्य म्हणून काम करते. धानपट्ट्यातलं, जंगलाला लागून असलेलं आमचं गाव. पाचवी ते दहावीची शाळा. गावातली म्हातारी माणसं अजूनही तिला ‘जनपद’ म्हणतात, कारण 1962 साली जिल्हा परिषदा आल्या त्याच्या आधी ती जनपद सभेची होती. आजूबाजूच्या चार गावांतली आणि दोन टोल्यांवरची, म्हणजे छोट्या वस्त्यांवरची, लेकरं इथे येतात. ज्यांना तालुक्याच्या खाजगी शाळेची फी आणि गाडीभाडं झेपतं त्यांची मुलं तिकडे गेली. ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी आमची शाळा हीच काय ती शाळा.

माझी मागणी आधीच सांगून टाकते. खेळ, नाटक, चित्रकला, वाचन हे सगळं शाळेच्या वेळापत्रकात, शेवटच्या घंटेच्या आत घ्या. आज जे काही होतं ते शाळा सुटल्यावर होतं, आणि शाळा सुटल्यावर बाहेरगावच्या मुली थांबूच शकत नाहीत.

आमची शाळा पावणेपाचला सुटते. राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातली मुलींची निळी बस पाचला फाट्यावर येते. ती गेली की त्या रस्त्याला रात्रीपर्यंत दुसरी गाडी नाही. मधे जंगलाचा पट्टा आहे, डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि अस्वल किंवा बिबट दिसल्याची बातमी दर हिवाळ्यात कोणत्या ना कोणत्या गावातून येते. अशा वाटेने मुलीला एकटीने सायकलवर ये, असं कुठले आईबाप म्हणतील? म्हणून घंटा झाली की आठवी ते दहावीच्या निम्म्याहून जास्त मुली दप्तर उचलून फाट्याकडे पळतात. त्याच वेळी गणिताचे सर मैदानावर फक्की टाकत असतात, कारण गावातली मुलं खो-खोच्या सरावाला जमू लागलेली असतात. सर हे काम हौसेनं करतात, त्याचा त्यांना एक रुपया मिळत नाही. त्यांच्या सरावात गावातली मुलं असतात, गावातल्या चार-सहा मुली असतात, आणि बाहेरगावची एकही मुलगी नसते.

ही बस आमच्या भागात आली तेव्हा किती मोठी गोष्ट झाली हे मला ठाऊक आहे. राज्यातल्या 22 जिल्ह्यांतल्या 125 तालुक्यांत हा कार्यक्रम आहे आणि बारावीपर्यंतच्या मुलींना त्यात प्रवास मोफत आहे. माझ्या वेळी टोलीवरच्या मुली सातवीनंतर घरी बसायच्या, आज त्याच टोलीवरच्या मुली दहावीचे फॉर्म भरतात. त्यामुळे बसबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. पण बसने मुलींना शाळेपर्यंत आणलं, तर शाळेनं त्यांना पूर्ण शाळा द्यायला नको का? वर्गातले धडे मिळाले आणि मैदान, रंगमंच, ग्रंथालय मिळालं नाही, तर ती अर्धीच शाळा झाली.

मागच्या पावसाळ्यात तालुका स्तरावरच्या स्पर्धेसाठी सतरा वर्षांखालील मुलींचा खो-खोचा संघ करायचा होता. गावातल्या मुलींवर संघ पुरा होईना, म्हणून बसने येणाऱ्या मुली घेतल्या. त्यांचा सराव कधी घ्यायचा, तर मधल्या सुट्टीत. आठवीपर्यंतच्या मुलींना शाळेत आहार मिळतो, नववी-दहावीच्या डबा आणतात. चार घास पोटात ढकलायचे आणि भर उन्हात धावायचं, असा तो सराव. खो-खो ज्यांनी खेळला आहे त्यांना माहीत आहे की नुसत्या वेगावर हा खेळ होत नाही. बसलेल्या आठ जणींमधून साखळी घेत, म्हणजे नागमोडी, पळायचं, हुलकावणी द्यायची, खो मिळताच कोणत्या बाजूला उठायचं, खांबावर सूर कधी मारायचा, हे सगळं अंगात मुरायला रोज तासभर लागतो. संघात टोलीवरची एक मुलगी होती. धानाच्या बांधीच्या धुऱ्यावरून पळत वाढलेली, वाऱ्यासारखी धावणारी. पहिल्याच सामन्यात समोरच्या संघानं तिला थोड्याच वेळात बाद केलं. सरळ पळाली की पुढून अडवत होते आणि वळायचं कुठे ते तिला कळत नव्हतं. परतीच्या गाडीत ती मला म्हणाली, “मावशी, मले धावता येते. पन साखळी कशी घेतेत ते कोनी शिकवलंच नाही.”

या एका वाक्यासाठी मी हे पत्र लिहायला बसले. तिला कुणी शिकवलं नाही हे खरं आहे, आणि शिकवायला कुणी तयार नव्हतं हे खरं नाही. सर तयार होते, मैदान होतं, मुलगी होती. तिघांची वेळ फक्त जुळत नव्हती. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, प्रियांका इंगळे या आपल्या मराठी मुलीच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी तो जिंकला. आमच्या मुलींनी ते सामने फोनवर बघितले, एका फोनभोवती दहा-बारा डोकी. आपल्या मातीतला हा खेळ आता जगात खेळला जातोय हे त्यांना कळतं. त्यात आपल्यालाही जागा असू शकते असं त्यांना वाटावं, असं आपल्यालाही वाटत असेल ना?

आता वेळापत्रकाकडे येते. नववी-दहावीला आरोग्य व शारीरिक शिक्षण हा विषय आहे. स्व-विकास व कलारसास्वाद हाही आहे. म्हणजे खेळाला आणि कलेला शासनानं तासिका दिलेल्या आहेत, त्या नव्यानं मागायची गरजच नाही. दोन्ही विषयांना शाळा स्तरावर श्रेणी दिली जाते, बोर्डाची लेखी परीक्षा नाही. नेमकं तिथेच बिनसतं. दिवाळीनंतर त्या तासिका इंग्रजीच्या आणि गणिताच्या उजळणीला जातात, आणि मार्च आला की सगळ्यांना ‘अ’ श्रेणी पडते. मुलीच्या गुणपत्रिकेवर कलारसास्वादाला ‘अ’ असतो आणि तिनं वर्षभरात रंगाची एक पेटी उघडलेली नसते. मी शिक्षकांना दोष देत नाही. दहावीचा निकाल पडला तर त्यांना आपल्याच कार्यालयात उभं राहून उत्तर द्यावं लागतं, चित्रकलेचा तास झाला नाही म्हणून आजवर कुणाला विचारणा झाल्याचं मी ऐकलेलं नाही. विचारणा सुरू करा, तासिका सुरू होतील. त्यासाठी नवा शासन निर्णयसुद्धा लागत नाही.

आणि ज्या निकालासाठी या तासिका जातात, त्या निकालातच आपली मुलं मागे पडतात याकडे मला आपलं विशेष लक्ष वेधायचं आहे. शासकीय रेखाकला परीक्षा, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, उत्तीर्ण झालेल्यांना दहावीला वाढीव गुण मिळतात. क्रीडा स्पर्धांत ठरावीक स्तरापर्यंत खेळलेल्यांना क्रीडागुण मिळतात. शास्त्रीय कलेत प्रावीण्य मिळवलेल्यांना आणि लोककला प्रकारात भाग घेतलेल्यांनाही मिळतात. तालुक्याच्या खाजगी शाळांत हे पद्धतशीरपणे करून घेतलं जातं, सातवी-आठवीतच मुलांना एलिमेंटरीला बसवतात. आमच्या शाळेत कलाशिक्षकाचं पद रिकामं आहे, त्यामुळे परीक्षेचा फॉर्म भरायचा कुणी हाच प्रश्न असतो. अकरावीच्या प्रवेश यादीत दोन-चार गुणांनी नाव खाली जातं तेव्हा ती मुलगी हुशारीत कमी पडलेली नसते. तिच्या शाळेत एक माणूस कमी होता, एवढंच.

शिक्षण हक्क कायदा 2009 चा आहे. त्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी स्पष्ट लिहिलं आहे की पटसंख्या शंभरापेक्षा जास्त असेल तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक हवेत. मैदान हवं, खेळाचं साहित्य हवं, आणि वर्तमानपत्रं, मासिकं व गोष्टींची पुस्तकं असलेलं ग्रंथालय हवं, हेही त्याच अनुसूचीत आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तर अभ्यास आणि अभ्यासेतर अशी भिंतच नको म्हटलं आहे. पहिली ते आठवीसाठी शासनानं उपक्रमांचा ‘आनंददायी शनिवार’ आणला. कागदावर सगळं आहे. आमच्या जिल्ह्यात बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, झालेले तरुण बेरोजगार बसलेले आहेत. अमरावतीच्या ज्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले, त्या अमरावतीत शिकून आलेला एक तरुण आमच्या गावात किराणा दुकान चालवतो. संध्याकाळी तो मैदानाच्या कडेला उभा राहून मुलांना दोन गोष्टी सांगतो. त्याला मानधनावर आठवड्यातून तीन दिवस शाळेत घ्यायला काय अडचण आहे, ती आम्हाला सांगा. पैशाची असेल तर जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या सेस फंडातून तरतूद होऊ शकते का, यावर समितीत एकदा चर्चा तरी व्हावी.

फोटोंबद्दलही बोलावं लागेल. उपक्रम झाला की त्याचा फोटो अपलोड करायचा असतो, अमुक तारखेच्या आत, अमुक लिंकवर. एका दिवशी मी शाळेत गेले तर परसबागेत मुलं खुरपं हातात घेऊन रांगेत बसलेली. वाटलं, निंदण चाललंय. फोटो निघाला, खुरपी परत खोलीत गेली, मुलं वर्गात गेली. मुलांसोबतच्या शिक्षिका बाईंना मी विचारलं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सकाळी मतदार यादीचं काम, दुपारी दोन पोर्टलवर माहिती, त्यात हा फोटो. “ताई, मला पण मुलांबरोबर खरंच माती उकरायची आहे हो,” त्या म्हणाल्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच अशैक्षणिक कामं शिक्षकांना देता येतात. पोर्टलवरची बाकीची माहिती भरायला पंचायत समिती स्तरावर माणूस द्या. फोटो मागूच नका असं मी म्हणत नाही. पण महिन्यातून एकदा कुणी अधिकारी न सांगता यावा, मुलांच्या शेजारी बसावं आणि या महिन्यात काय काय केलं ते त्यांनाच विचारावं. मुलं खरं सांगतात.

विज्ञान प्रदर्शन, स्काउट-गाइड, वक्तृत्व स्पर्धा यांचं थोडक्यात सांगते, कारण तिथे आमची शाळा तशी बरी आहे. विज्ञानाच्या बाई उत्साही आहेत. केंद्र सरकारच्या इन्स्पायर मानक योजनेत शाळेतून विज्ञानाच्या पाच कल्पना पाठवता येतात आणि निवड झालेल्या विद्यार्थ्याला दहा हजार रुपये मिळतात, हे त्यांनी प्रत्येक वर्गात जाऊन समजावलं. धानाच्या रोवणीच्या वेळी पऱ्ह्यांचं, म्हणजे रोपांचं, ओझं वाहताना आईची कंबर मोडते, त्यावर उपाय म्हणून बांधीतल्या चिखलावरून ओढता येईल अशी घसरती पाटी एका मुलीनं पुठ्ठ्याची करून दाखवली होती. तिची निवड झाली की नाही हा भाग वेगळा. पण ती कल्पना तिला वर्गात बसून सुचलेली नाही, चिखलात उभं राहून सुचली. अशा डोक्याला थोडा वेळ आणि थोडं साहित्य मिळालं पाहिजे.

स्नेहसंमेलनाबद्दल मात्र मन मोकळं करायचं आहे. आपण सगळे झाडीपट्टीतले, पूर्व विदर्भातले. दिवाळी झाली की मंडई, म्हणजे गावची जत्रा, लागते, वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्या गावोगाव फिरू लागतात, रात्रभर नाटक चालतं आणि लोक घोंगडी पांघरून बसतात. आमच्या गावात शेतमजुरी करणारा माणूस रात्री तोंडाला रंग लावून नायक होतो आणि हजार माणसांसमोर दोन-दोन पानांचे संवाद म्हणतो. दंडार हे इथलं लोकनाट्य बघत लहानाचे मोठे झालेले आमचे लोक. मी शाळेत होते तेव्हा संमेलनात मुलांचं नाटक असायचं. गावातलेच एक कलाकार महिनाभर तालीम घ्यायचे. शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला ऐकू गेलं पाहिजे, असं ते आम्हाला बजावायचे. मला चारचौघांत बोलता येतं, ग्रामसभेत उभी राहून मी प्रश्न विचारू शकते, हे मला त्या तालमींनी दिलं. पाठ्यपुस्तकांनी मला पुष्कळ काही दिलं, पण आवाज दिला नाही.

आता संमेलन एका दिवसात आटोपतं. मोठे स्पीकर लागतात, सिनेमाच्या गाण्यांवर नाच होतात, मुलींच्या आयांनी भाड्यानं कपडे आणायचे. मुलांना नाचायला आवडतं, नाचू द्यावं, त्यात वाईट काही नाही. पण नाच फोन बघून घरी बसवता येतो आणि नाटक तसं बसत नाही. नाटकाला सगळ्यांनी एका जागी, एका वेळी, रोज यावं लागतं. शाळा सुटल्यावर तालीम ठेवली तर बसवाल्या मुली येत नाहीत, मग मुलींच्या भूमिका गावातल्या दोघी-तिघींवर येतात, त्यांच्याही घरी काम असतं, आणि नाटक राहून जातं. ज्या प्रदेशात चार महिने नाटकच नाटक चालतं, तिथल्या सरकारी हायस्कूलमध्ये मुलांचं नाटक होत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. गावातल्या कलाकाराला मानधन देऊन कलेच्या तासिकेला बोलवा. नाटकाचा हंगाम सुरू होण्याआधी, रोवणी आटोपल्यावर, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हे लोक मोकळे असतात. शाळेनं मनापासून बोलावलं तर कुणी नाही म्हणणार नाही.

मैदानाचंही एक काम आपल्याकडे पडून आहे. नव्या वर्गखोल्यांसाठी आणलेली गिट्टी आणि लोखंड काम थांबल्यापासून खो-खोच्या मैदानाच्या एका अंगाला पडून आहे. पावसात गिट्टी पसरते आणि सूर मारणाऱ्या मुलांचे गुडघे फुटतात. व्यवस्थापन समितीनं ठराव घेऊन लेखी कळवलं आहे. ती गिट्टी कुणाची, ठेकेदाराची की जिल्हा परिषदेची, हे ठरेपर्यंत निदान एका कोपऱ्यात रचून घ्यायची परवानगी तरी द्या. उचलायला गावातली माणसं येतील.

काही सदस्य म्हणतील की आधी वाचायला-लिहायला येऊ द्या, मग खेळ आणि नाटक. ही काळजी मी समजू शकते, आमच्या शाळेतही सहावीतल्या काही मुलांना सरळ वाचता येत नाही. त्यांना मी आग्रहानं एक गोष्ट सुचवीन : शाळेचा हजेरीपट मागवून बघा. रोवणीत हजेरी पडते, मोहफुलं वेचायच्या दिवसांत पडते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ज्या आठवड्यात सामने असतात, तालीम असते, प्रदर्शन असतं, त्या आठवड्यातली हजेरीही बघा. जो मुलगा एरवी बकऱ्या घेऊन रानात जातो, तो त्या दिवशी सगळ्यांच्या आधी फाटकाशी असतो. तो शाळेत आला तर त्याला वाचायला शिकवता येईल. आणि नाटकाचा संवाद पाठ करायला त्याला तो आधी वाचावाच लागतो.

आम्ही काय मागतोय ते पुन्हा नेमकं लिहून देते, म्हणजे टिपणी तयार करणाऱ्यांना सोपं जाईल. आठवड्यातून तीन दिवस शेवटच्या दोन तासिका खेळ, कला आणि वाचन यांसाठी राखून ठेवा आणि त्या दुसऱ्या विषयाला देऊ नका, असं लेखी आदेशात म्हणा. स्पर्धांच्या आणि संमेलनाच्या आधीचे काही आठवडे मुलींची बस तासभर उशिरा सुटावी म्हणून आगाराला आणि मानव विकासच्या जिल्हा समितीला आपण पत्र द्या. आम्ही पालकांनी दिलं होतं, उत्तर आलं नाही, आपल्या पत्राचं वजन वेगळं पडेल. कलाशिक्षक आणि शारीरिक शिक्षण शिक्षक यांची पदं भरेपर्यंत मानधनावर निदेशक द्या, दोन-तीन शाळांत मिळून एक असला तरी चालेल.

आपल्याकडे विदर्भात शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, बाकी राज्यापेक्षा थोड्या उशिरा. वेळापत्रक त्याआधीच तयार होतं. म्हणून हा विषय उन्हाळी सुट्टीआधीच्या बैठकीत घ्यावा, ही विनंती. बैठकीला बोलावलंत तर गणिताचे सर, विज्ञानाच्या बाई, मी आणि दहावीच्या दोन मुली येऊ. बैठक चारच्या आत संपवावी, म्हणजे मुलींना बस मिळेल.

आपली,
एक पालक आणि शाळेची माजी विद्यार्थिनी